दृष्टीच्या सरहद्दीची मोजणी

नेत्ररोगांमध्ये मोतीबिंदू हा तसा सरळमार्गी रोग म्हटला पाहिजे. तो वर्दी देऊन येतो, वाचताना अक्षरे पुसट करतो, समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाचा चेहरा धूसर करतो, आणि रोग्याला आपण होऊन वैद्याच्या दारी नेऊन उभा करतो. काचबिंदूची रीत ह्याहून निराळी. त्याचा एक प्रकार असा आहे खरा की जो एका रात्रीत डोळा लालबुंद करून आणि मस्तकात असह्य कळा उठवून आपली हजेरी लावतो. सुश्रुताने उत्तरतंत्रात ‘अधिमंथ’ ह्या नावाने ज्या व्याधीचे वर्णन केले आहे, ज्यात डोळा कोणी घुसळून काढीत असल्यासारखा वाटतो आणि अर्धे मस्तक ठणकते, ती बहुधा हीच असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. परंतु दुसरा जो प्रकार, तो ना दुखतो ना खुपतो. वर्षानुवर्षे तो दृष्टीच्या आडबाजूचा मुलूख तुकड्यातुकड्याने बळकावीत जातो, आणि जिच्या बळावर आपण पोथी वाचतो, सुईत दोरा ओवतो, नाणे पारखतो, ती मधली दृष्टी मात्र बहुधा अखेरच्या टप्प्यापर्यंत शाबूत ठेवतो. असा रोगी अक्षरतक्त्याची शेवटची ओळ बिनचूक वाचून दाखवतो, आणि त्याच वेळी बाजूने येणारी सायकल त्याच्या गावीही नसते.

ह्यातील खरी अडचण अशी की दृष्टीचा जो भाग नाहीसा होतो त्या ठिकाणी काळोख दिसत नाही. भिंतीवरील चित्राचा एक कोपरा फाडला तर तेथील भिंत उघडी पडते. दृष्टीच्या बाबतीत असे काही होत नाही, कारण मेंदू आसपासच्या रंगरूपाने ती रिकामी जागा बेमालूम भरून काढतो, आणि दुसरा डोळा उरलीसुरली उणीव झाकतो. तेव्हा ‘तुम्हांला काय दिसत नाही?’ हा प्रश्न रोग्याला विचारणे व्यर्थ आहे. ज्याला आपली वस्तू गेली हेच ठाऊक नाही, त्याच्याकडून चोरीची फिर्याद कशी नोंदवून घ्यावयाची, हा तो पेच. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा इतिहास वरवर पाहता यंत्रांचा इतिहास वाटतो. पण बारकाईने पाहिले तर तो प्रश्न विचारण्याच्या कलेचा, म्हणजे एका अजाण साक्षीदाराकडून विश्वसनीय जबानी मिळवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

डोळा स्थिर ठेवून एका वेळी किती जग दिसते हे मोजण्याची जिज्ञासा तशी पुरातन. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात तिचा मागोवा घेतलेला आहे. परंतु ह्या क्षेत्राच्या ऐन मध्याजवळ प्रत्येक निरोगी डोळ्याला एक ठार आंधळी जागा असते, हे कळावयास १७ वे शतक उजाडावे लागले. एदम मारिऑत हा फ्रेंच धर्मगुरू आणि पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. दृष्टीची मज्जा डोळ्यात जेथे शिरते तेथे प्रतिमा पडली तर काय होईल, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याने एक साधा प्रयोग केला. अंधाऱ्या भिंतीवर डोळ्याच्या उंचीला कागदाची एक गोल चकती लावली; तिच्या उजवीकडे सुमारे दोन फुटांवर, किंचित खाली, दुसरी लावली; डावा डोळा मिटला, उजवा पहिल्या चकतीवर खिळवला आणि तो पावलापावलाने मागे सरू लागला. सुमारे दहा फुटांवर आला तेव्हा दुसरी चकती साफ नाहीशी झाली. १६६८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. मारिऑतने त्यावरून जो सिद्धान्त मांडला तो मात्र चुकीचा होता, कारण दृष्टीचे अधिष्ठान नेत्रपटल नसून त्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर आहे असे त्याचे प्रतिपादन होते. तथापि प्रयोग अभंग राहिला. निरोगी माणसालाही आपल्या दृष्टीतील छिद्राचा पत्ता नसतो, आणि नजर एका जागी खिळवून दुसऱ्या जागेविषयी विचारले तर तो पत्ता लागतो, ही पुढच्या साऱ्या तपासणीची गुरुकिल्ली त्या दोन कागदी चकत्यांत होती.

ह्या क्षेत्राच्या चतुःसीमा अंशांत मांडण्याचे काम लंडनच्या टॉमस यंगने केले. प्रकाशाच्या तरंगरूपाचा पुरस्कर्ता म्हणून ज्याची कीर्ती आहे तोच हा यंग. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने स्वतःच्या डोळ्याची मोजणी देऊन ठेवली आहे: बाहेरच्या बाजूस ९० अंश, नाकाच्या बाजूस ६०, वर ५० आणि खाली ७०. भुवई आणि नाक ह्यांनी घातलेल्या ह्या हद्दी आजच्या पाठ्यपुस्तकांतील आकड्यांपासून फारशा दूर नाहीत. परंतु यंगची मोजणी ही शास्त्रज्ञाची जिज्ञासा होती. रोग्याच्या उशाशी तिचा काही उपयोग होईल असे त्या काळी कोणाच्या मनात आले नव्हते.

तो उपयोग ज्याने जाणला, त्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे ह्याचे चरित्र १९ व्या शतकातील नेत्रवैद्यकाच्या चरित्राशी जवळजवळ एकरूप झालेले आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ साली डोळ्याच्या अंतर्भागात डोकावण्याचे यंत्र प्रसिद्ध केले आणि बर्लिनच्या ह्या तरुण वैद्याने ते हाती घेताच काचबिंदूच्या रोग्यांची नेत्रपटले धुंडाळावयास आरंभ केला. तेथे दृष्टिमज्जेच्या मुखाशी त्याला जे दिसले त्याचा अर्थ त्याने प्रथम उलटा लावला. जो खळगा होता तो त्याला उंचवटा भासला. पुढे ही चूक त्याने स्वतःच सुधारली, आणि डोळ्यातील दाबाखाली मज्जेचे मुख खचते ही काचबिंदूची खूण म्हणून कायम झाली. तज्ज्ञाच्या डोळ्यालाही प्रकाशछाया अशी चकवू शकते, तर रोग्याला प्रत्यक्षात काय दिसते ह्याचा स्वतंत्र दाखला हवा, हे त्याने ओळखले असावे. १८५६ साली त्याने मंद दृष्टीच्या रोग्यांच्या दृष्टिक्षेत्रतपासणीवर एक लेख लिहिला, आणि दृष्टिक्षेत्र ही रोजच्या दवाखान्यातील नोंदीची बाब झाली. क्षेत्राचा संकोच, अर्ध्या क्षेत्राचा लोप, आंधळ्या जागेचा विस्तार ह्यांची चिकित्सकाच्या उपयोगाची अशी मांडणी त्या लेखात आहे. पुढच्याच वर्षी त्याने काचबिंदूवर बुबुळाचा एक भाग छाटण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. १८७० मध्ये क्षयाने तो वारला तेव्हा त्याचे वय केवळ बेचाळीस वर्षांचे होते.

ग्रेफेची मोजणी सपाट पृष्ठावर होत असे, आणि सपाट पृष्ठावर दूरच्या कडा मावत नाहीत. ९० अंशांची हद्द गाठावयाची तर फलक अनंत लांब हवा. ही अडचण ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथील औबेर्ट आणि फ्योर्स्टर ह्या जोडीने एक वाकवलेली कमान वापरून दूर केली. कमानीच्या वर्तुळाच्या केंद्राशी डोळा, कमानीवरून सरकणारे पांढरे चिन्ह, आणि कमान स्वतः आसाभोवती फिरणारी. त्यामुळे कोणत्याही दिशेला डोळ्यापासूनचे अंतर एकच. फ्योर्स्टरचे हे उपकरण युरोपभर पसरले आणि क्षेत्राच्या बाह्य हद्दी त्याने चोख मोजून दिल्या. मात्र ह्या यशातच एक धोका दडलेला होता. कमान जवळ असल्यामुळे चिन्ह डोळ्याला मोठे दिसे, आणि वैद्यांचे सारे लक्ष कडेकडे लागले. सीमेवरचे ठाणे शाबूत आहे ना एवढे पाहून ते परतू लागले, आणि आतल्या मुलखात पडलेली दरी कोणाच्या दृष्टीस पडेना.

ती दरी कोपनहेगनच्या यानिक बिएरुमला आपल्या दवाखान्याच्या दारावर सापडली. १८८९ ची ही गोष्ट. बिएरुमने आपल्या खोलीच्या दाराची मागची बाजू पडद्यासारखी वापरावयास घेतली, रोग्याला तिच्यापासून दोन मीटर दूर बसवले, आणि काही मिलिमीटर व्यासाच्या पांढऱ्या हस्तिदंती चकत्या काठीच्या टोकाला लावून त्या पृष्ठावरून हळूहळू फिरवल्या. ह्या साध्या बदलाचे मर्म आकड्यांत पाहावे. मारिऑतची आंधळी जागा रुंदीला सुमारे साडेपाच अंश असते. ३० सेंटिमीटरवरच्या कमानीवर ती जेमतेम तीन सेंटिमीटर भरते, आणि एक सेंटिमीटरचे चिन्ह तिच्यातून सहज निसटून जाऊ शकते. तीच जागा दोन मीटरवरच्या दारावर जवळजवळ २० सेंटिमीटर रुंद होते, आणि तेथे तीन मिलिमीटरची चकती डोळ्याला अंशाच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान दिसते. म्हणजे नकाशा मोठा झाला आणि लेखणीचे टोक बारीक झाले. त्या बारीक टोकाने बिएरुमला काचबिंदूच्या रोग्यांत एक विलक्षण आकृती रेखून दिली: आंधळ्या जागेपासून निघून नजरेच्या मध्यबिंदूला वरून किंवा खालून वळसा घालीत नाकाच्या बाजूकडे जाणारी धनुष्याकृती पट्टी, जीत ती बारीक चकती लुप्त होई आणि पुढे पुन्हा प्रकट होई.

हे धनुष्य तेथेच का उमटावे, ह्याचे कारण नेत्रपटलाच्या घडणीत आहे. पटलावर पसरलेले सुमारे दहा लक्ष तंतू एकत्र येऊन दृष्टिमज्जा बनते. परंतु कानाच्या बाजूचे तंतू मज्जेच्या मुखाकडे निघाले की वाटेत तीक्ष्णतम दृष्टीचा मध्यभाग आडवा येतो, आणि त्याला तुडवून जाण्याची मुभा नसल्यामुळे काही वरून आणि काही खालून वळसा घेऊन जातात. काचबिंदूत मज्जेच्या मुखाचे वरचे आणि खालचे टोक बहुधा आधी दुखावते, आणि तेथून शिरणारे तंतू नेमके हे वळसेवाले. खालचा जुडगा गेला तर प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे क्षेत्राचा वरचा भाग जातो, आणि वरचा गेला तर खालचा. दोन्ही जुडगे कानाकडील बाजूस एका आडव्या रेषेवर भेटतात पण परस्परांत मिसळत नाहीत. त्यामुळे क्षेत्राच्या नाकाकडील बाजूस ह्या रेषेवर एक पायरी पडते, जिचे वर्णन बिएरुमचा देशबांधव रोने ह्याने १९०९ मध्ये केले. रोग्याने ‘आता दिसते, आता दिसत नाही’ एवढेच सांगावयाचे, आणि त्या तुटपुंज्या शब्दांवरून मज्जेचा कोणता जुडगा दुखावला हे वैद्याने ओळखावयाचे, इतकी मजल ह्या दाराने मारून दिली.

बिएरुमची पद्धती सिंक्लेअर ह्या नेत्रवैद्याने एडिंबरोला नेली आणि तेथे तिला हॅरी ट्रॅक्वेअरसारखा भाष्यकार लाभला. १९२७ साली निघालेल्या त्याच्या ग्रंथाने दृष्टिक्षेत्रतपासणीला शास्त्राचा दर्जा दिला. त्यातली एक कल्पना आजही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात: दृष्टिक्षेत्र म्हणजे अंधत्वाच्या सागरातील एक बेट होय, मधोमध तीक्ष्ण दृष्टीचे शिखर, भोवती उतरते पठार, शिखराच्या एका बाजूस तळ गाठणारी एक विहीर, ती मारिऑतची आंधळी जागा. मोठे आणि तेजस्वी चिन्ह हे बेटाचा किनारा दाखवते, लहान आणि मंद चिन्ह शिखराजवळच्या उंचीची रेषा दाखवते. किनारा शाबूत असूनही पठाराला भेग पडलेली असू शकते, हे फ्योर्स्टरच्या कमानीला न कळलेले सत्य ह्या रूपकाने तळहातावरच्या आवळ्यासारखे स्पष्ट केले.

ह्याच सुमारास काचबिंदूच्या इतिहासाचा एक धागा हिंदुस्थानातून गेलेला आहे. मद्रास येथील नेत्ररुग्णालय १८१९ पासूनचे. त्याचा अधीक्षक असलेल्या रॉबर्ट हेन्री एलियट ह्या सरकारी वैद्यकीय सेवेतील अधिकाऱ्याने १९०९ साली डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला काळ्या बुबुळाच्या कडेशी एक सूक्ष्म गोल भोक पाडून आतल्या द्रवाला वाट करून देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि मद्रासच्या त्या शस्त्रक्रियेचा बोलबाला पुढे जगभर झाला. १९०५ पासून नॉर्वेच्या श्योट्झचे दाबमापकही हाताशी होते. आता दाब मोजता येतो, दाब उतरवता येतो. मग क्षेत्राची किचकट मोजणी कशाला, असे वाटणे स्वाभाविक होते, आणि पाऱ्याच्या २१ मिलिमीटरांपलीकडे रोग, अलीकडे आरोग्य, असा एक सोयीस्कर निवाडा रूढ झाला. पण अनुभव असा आला की ह्या रेषेच्या पलीकडे राहूनही कित्येकांची दृष्टी वर्षानुवर्षे अबाधित राही आणि अलीकडे असणाऱ्या कित्येकांची खंगत जाई. दाब हे कारणांपैकी एक कारण. नुकसान झाले की नाही हे सांगणे त्याच्या अखत्यारातील काम नव्हे.

बिएरुमच्या पद्धतीत जे उणे होते ते प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूचे होते. खिडकीतले ऊन कमीजास्त होई, चकत्यांचा पांढरेपणा मळे, एकाचा हात जलद तर दुसऱ्याचा संथ; मार्चमधला नकाशा आणि नोव्हेंबरमधला नकाशा ह्यांची तुलना करावी तर बदल रोगात झाला की उजेडात, हे ठरेना. बर्नच्या हान्स गोल्डमनने १९४५ मध्ये ह्या अव्यवस्थेला शिस्त लावली. त्याच्या यंत्रात रोगी ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसतो. हनुवटी टेकलेली, एक डोळा झाकलेला. अर्धगोलाचा उजेड ३१.५ ॲपोस्टिल्ब ह्या ठरलेल्या मापाचा. त्यावर पडणारा प्रकाशाचा ठिपका ठरलेल्या सहा आकारांपैकी आणि ठरलेल्या तेजापैकी. परीक्षक पलीकडे बसून मध्यभागीच्या छिद्रातील दुर्बिणीतून रोग्याची बाहुली न्याहाळतो, म्हणजे नजर ढळली तर त्याला कळते. हाताने दांडी सरकवतो तसा आत ठिपका सरकतो, आणि रोग्याने खूण करताच समोरच्या छापील कागदावर पेन्सिलीची टिकली पडते. अशा टिकल्या जोडून वेगवेगळ्या रंगांच्या बंद रेषा निघतात. ह्या कागदांचे महत्त्व असे की ते कोणत्याही देशात, कोणत्याही साली तेवढ्याच अर्थाने वाचता येतात. दृष्टिक्षेत्राला पहिल्यांदाच खरे दप्तर मिळाले.

तरीही परीक्षकाचा हात मध्ये होताच. सरकणारा ठिपका कोठे संथ करावयाचा, कोणत्या जागी पुन्हा विचारावयाचे, हे त्याच्या कौशल्यावर आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशीच्या त्याच्या कंटाळ्यावर अवलंबून राही. दुसरी वाट अमेरिकेत लुईस स्लोन हिने १९३९ मध्ये दाखवली होती: ठिपका हलवावयाचाच नाही, एका जागी ठेवून त्याचे तेज बदलावयाचे आणि तो दिसू लागण्याचा उंबरठा शोधावयाचा. ट्युबिंगेनचे हार्म्स आणि एल्फ्रीडे आउलहोर्न ह्यांनी १९५९ च्या सुमारास ह्यासाठी स्वतंत्र यंत्र उभे केले, आणि काचबिंदूचे पहिले ओरखडे बिएरुमच्या पट्ट्यात तुटक ठिपक्यांच्या रूपाने उमटतात हे त्यांच्या काळजीपूर्वक मोजणीने दाखवून दिले. परंतु बिंदूबिंदूला उंबरठा शोधणे हे इतके वेळखाऊ, की रोगी आणि परीक्षक दोघेही थकून जात.

हे कंटाळवाणे काम न कंटाळता करणारा नोकर म्हणजे संगणक. १९७० नंतरच्या दशकात बर्न येथे फ्रांत्स फांकहाउझर आणि त्याचे सहकारी ह्यांनी ‘ऑक्टोपस’ हे यंत्र सिद्ध केले, तर स्वीडनमध्ये आंदेर्श हेइल आणि क्राकाउ ह्यांनी आपले. हेइलच्या संशोधनाचा आधार घेऊन १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील हम्फ्री कंपनीचे यंत्र आले आणि तेच आज पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत ‘फील्ड’ काढण्यासाठी बहुधा पाहावयास मिळते. रोग्याच्या हाती एक कळ देतात, समोरच्या दिव्यावर नजर ठेवावयास सांगतात, आणि सहा-सहा अंशांवरच्या ५४ जागी ठिपके क्रमाविना चमकू लागतात. पैकी निम्मेअधिक ठिपके दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवरचे असतात. त्यामुळे निरोगी माणसालाही आपण परीक्षेत नापास होत आहोत असे वाटू लागते, आणि बाहेर येताच ‘मला तर बरेचसे दिसलेच नाहीत’ असे तो काळजीने सांगतो. ही भीती निराधार आहे, कारण दिसेनासे होईपर्यंत तेज उतरवीत जाणे हीच ह्या मोजणीची रीत.

ह्या यंत्राची खरी हुशारी आहे ती साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यात. मधूनच ते मारिऑतच्या आंधळ्या जागेवर ठिपका टाकते. रोग्याने कळ दाबली तर त्याची नजर जागेवरून हलली हे उघड. ही युक्ती हेइल आणि क्राकाउ ह्यांची. ज्या छिद्राने सारी विद्या सुरू झाली तेच असे पहाऱ्याला बसवले गेले. जुन्या पद्धतीत यंत्र कधी ठिपका टाकल्याचा आवाज करी पण ठिपका टाकीत नसे. उतावळा रोगी कळ दाबून मोकळा होई आणि त्याच्या नावावर खोट्या होकाराची नोंद पडे. पुढे निरोगी माणसांच्या उत्तरांचा मोठा संग्रह यंत्रात साठवून वयानुरूप तुलना करण्याची सोय झाली, आणि १९९७ च्या सुमारास हेइल, बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी रोग्याच्या आधीच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरवणारी पद्धती आणून तपासणीचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आणला. स्वीडनमध्येच नव्याने निदान झालेल्या २५५ रोग्यांवर केलेल्या परीक्षेचा निकाल २००२ साली आला, आणि दाब उतरवल्याने रोगाची वाटचाल मंदावते हे निःसंदिग्धपणे सिद्ध झाले. त्या निकालाचा मुख्य पुरावा म्हणजे वर्षानुवर्षे काढलेले हे दृष्टिक्षेत्राचे नकाशेच होत.

एवढे सगळे झाले तरी ह्या तपासणीच्या मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोल्डमनच्या यंत्रावर दोष उमटण्यापूर्वीच मज्जेतील ४० टक्क्यांपर्यंत तंतू नष्ट झालेले असू शकतात, हे अमेरिकेतील हॅरी क्विग्ली ह्याने १९८२ मध्ये मृतांच्या मज्जातंतूंची गणती करून दाखवले. आणि १९९१ नंतर प्रकाशाच्या साहाय्याने नेत्रपटलाच्या थरांची जाडी मोजण्याची जी कला विकसित झाली, तिला रोग्याच्या होकार-नकाराची गरजच नाही. तेव्हा साक्षीदाराला रजा द्यावी काय? तज्ज्ञांचा कौल तसा नाही, आणि तो योग्यच आहे. तंतूंची जाडी ही मिळकतीची मोजदाद झाली. त्या मिळकतीवर माणूस कसा नांदतो, जिना उतरताना पायरी दिसते की नाही, रस्ता ओलांडताना डावीकडची मोटार दिसते की नाही, ह्याचा जबाब त्याच्याच तोंडून घ्यावा लागतो.

प्रश्न इतका नेमका झाला. तो विचारला मात्र फार थोड्यांना जातो. दक्षिण हिंदुस्थानात गेल्या शतकाच्या अखेरीस ज्या मोठ्या नेत्रपाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू आढळलेल्या दर दहांपैकी नऊ जणांना आपल्याला हा रोग आहे ह्याची वार्ताही नव्हती. गेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने परत येत नाही, उरलेली राखता येते, एवढाच काय तो ह्या विद्येचा दावा. म्हणून चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने, आणि ज्याच्या आईवडिलांना किंवा भावाबहिणींना काचबिंदू आहे त्याने तर विशेषेकरून, डोळ्यांचा दाब आणि मज्जेचे मुख एकदा तपासून घ्यावे, आणि शंका आली तर त्या अर्धगोलात तोंड घालून बसावे. बर्न, कोपनहेगन आणि स्वीडनमधील माल्मो येथे शतकभर खपून तयार केलेला प्रश्न त्या दहांपैकी नवांपर्यंत पोहोचवणे, हे ह्या इतिहासाचे अजून न लिहिले गेलेले प्रकरण आहे, आणि ते लिहिण्यास नवे यंत्र नव्हे, तर तालुक्याच्या गावी चालू स्थितीत ठेवलेले जुने यंत्र आणि ते चालवणारा सजग माणूस एवढेच पुरेसे आहे.